सतरा बाहुल्यांची रांग

सतरा बाहुल्या जगाच्या टोकाला रांग लावून उभ्या होत्या. त्यांच्यापुढे काहीच नव्हतं. जमीन संपली होती आणि पुढे राखाडी रंग होता.

"हे लोक तिथे काय करताहेत?" मुंबईहून मेहता मॅडमनी विचारलं. त्या कंपनीच्या सीएसआर विभागाच्या प्रमुख होत्या. पाणी योजनेचा खर्च त्यांची कंपनी देणार होती, आणि त्या आपल्या ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर सगळं बघत होत्या.

"नेटवर्क इश्यू आहे, मॅडम," आमचे संचालक कर्णिक सर म्हणाले.

मी बाहुल्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. सतराच भरल्या. नेटवर्क बिघडलं की बाहुल्या वाटेल तिथे अडकतात, एकामागे एक उभ्या राहत नाहीत. पण मी बोललो नाही. माझा स्वभाव आधी मोजायचा आणि मग बोलायचा आहे. त्या दिवशी तो थोडा महागात पडला.

मी जव्हारला एका संस्थेत काम करतो. मूळचा जामसरचा. संस्थेत माझ्याकडे सर्व्हे आहे: घरं मोजणं, माणसं मोजणं, पाण्याच्या जागा मोजणं. सगळ्या योजना माझ्या आकड्यांवर उभ्या राहतात, म्हणून मी आकडे जपून लिहितो. घरीही तसाच आहे. गॅस सिलिंडर किती दिवस पुरला याची तारीख मी कॅलेंडरवर लिहितो. आमच्या सौ. शाळेत शिक्षिका आहेत. त्या म्हणतात, माझ्यासारखा विद्यार्थी वर्गात एकच असावा.

हा किस्सा सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्याचा आहे. आम्ही त्याला टोकाचा पाडा म्हणतो, कारण गाडीरस्ता तिथे संपतो. चौतीस घरं. विहीर एक, शाळा एक. मोबाइलची रेंज शाळेमागच्या खडकावर, तीही उभं राहिलं तर. दिवाळी झाली की निम्मी घरं कुलूप लावून भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे कोणतीही बैठक घ्या, निम्मा पाडा नसतो. योजना ठरते उरलेल्यांत, आणि परत आलेले म्हणतात, आम्हाला कोणी विचारलं?

यावर कर्णिक सरांनी तोडगा आणला. व्हर्च्युअल पाडा.

ते साध्या भाषेत सांगतो. ड्रोनने पाड्याचे फोटो काढायचे. त्यावरून कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब पाडा उभा करायचा: घरं, झाडं, विहीर, चढ-उतार. माणसाने मोबाइलवर लिंक उघडली की त्याच्या नावाची एक बाहुली त्या पाड्यात उभी राहते. बोट फिरवलं की चालते, बोललं की इतरांना ऐकू येतं. भट्टीवरची बाई आणि पाड्यावरची बाई एकाच अंगणात उभ्या राहून बोलू शकतात. हे काम पुण्याच्या ऋचाने केलं. ऋचा हुशार मुलगी. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, तुमचा सर्व्हे जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच मी मॉडेल करणार. अंदाजाने काही घालणार नाही."

मला ते फार आवडलं होतं.

पहिली चाचणी जानेवारीत झाली. ऋचाच्या तयार बाहुल्या पॅन्ट घातलेल्या, केस मोकळे सोडलेल्या होत्या. सोनीबाईने टॅबलेटमध्ये डोकावून पाहिलं. सोनीबाई साठीच्या आसपासची, एकटी राहणारी. पाड्यावर तिचा शब्द चालतो.

"ही कोन?"

"या तुम्ही," ऋचा म्हणाली.

"मी नाय. माजी सून पन नाय." टॅबलेट तिने उलटा करून ठेवला.

बाकीच्या बायकांनीही आपापले टॅबलेट उलटे ठेवले. ऋचाने पुण्याला जाऊन आठवडाभरात गुडघ्यापर्यंतचं लुगडं, अंबाडा आणि त्यात खोवलेलं फूल तयार केलं. फूल अबोलीचं की झेंडूचं, यावर फोनवरून अर्धा तास चर्चा झाली. संस्थेच्या वेळेच्या नोंदीत मी ती 'तांत्रिक सल्लामसलत' म्हणून टाकली.

पुरुषांची अडचण वेगळी होती. ग्रामपंचायत सदस्य चंदर याची बाहुली शाळेच्या छपरावर चढली आणि उतरेना. कशी चढली हे त्यालाही सांगता आलं नाही. ऋचाने पुण्यातून बरेच प्रयत्न केले. शेवटी चंदर म्हणाला, "राहू दे, मॅडम. हितून सगला पाडा दिसतो." तो पुढच्या सगळ्या बैठकांना छपरावरूनच हजर राहिला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. पाणी योजनेत एक शब्द महत्त्वाचा आहे, उद्भव. म्हणजे जिथून पाणी घ्यायचं ती जागा. पाइप चुकला तर बदलता येतो, टाकी चुकली तर दुसरी बांधता येते. उद्भव चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही नळाला हवा येते. अशा हवेच्या योजना आमच्या दोन तालुक्यांत मी स्वतः पाहिल्या आहेत.

टोकाच्या पाड्याचा उद्भव मी ठरवला होता. डिसेंबरमध्ये तीन दिवस तिथे राहून सर्व्हे केला. कोणत्या घरात दिवसाला किती हंडे लागतात, विहिरीपर्यंत पावलं किती, सगळं लिहिलं. "पाड्यावर पाणी कुठून आणता?" असं चौतीस घरांना विचारलं, कुलूप लावून गेलेल्यांना भट्टीवर फोन करून. चौतीस घरांनी सांगितलं, विहिरीवरून. सगळी घरं एकच उत्तर देतात असा सर्व्हे माझ्या नोकरीत दुसरा झाला नव्हता. मी खूश होतो.

तेव्हा उद्भव ठरलेला होता: विहीर. फक्त टाकी कुठे बांधायची हे पाड्याने ठरवायचं होतं. शाळेजवळ की विहिरीजवळ? त्यासाठी फेब्रुवारीतल्या एका रविवारी व्हर्च्युअल पाड्यात बैठक ठेवली. शाळेजवळ लाल झेंडा, विहिरीजवळ निळा. ज्याची बाहुली ज्या झेंड्याजवळ उभी राहील ते त्याचं मत. मेहता मॅडम ते बघून मंजुरी देणार. मंजुरी त्या दिवशी मिळाली तर पावसाआधी काम, नाहीतर आणखी एक उन्हाळा हंडे डोक्यावर.

शाळेच्या ओट्यावर बारा टॅबलेट मांडले. राउटर बांबूला बांधून खडकावर उभा केला. भट्ट्यांवरून आठ फोन जोडले गेले. माझी चाचणीची बाहुली धरून एकवीस.

सुरुवातीची वीस मिनिटं कोणीच झेंड्याकडे गेलं नाही. प्रत्येक बाहुली आधी आपापल्या घरी गेली आणि अंगणात उभी राहिली. भिवंडीच्या भट्टीवरून यमुनाचा आवाज आला, "माज्या दाराचं कुलूप दिसतं गं. कुडाचा कोपरा पडलाय वाटतं." ओट्यावरून तिला तीन जणींनी एकदम सांगितलं की कोपरा पडला नाही, तिथे शेळी बांधतात म्हणून तसा दिसतो. कोणाची शेळी, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

कर्णिक सर अस्वस्थ झाले. मॅडमना काहीतरी दाखवायला हवं होतं. ऋचाने मॉडेलमध्ये ऋतू बदलायची सोय ठेवली होती. सर म्हणाले, "मॅडम, आता आपण उन्हाळ्याचं इमर्सिव्ह दृश्य बघू," आणि त्यांनी बटण दाबलं.

डोंगर पिवळे झाले. पानं गळाली. विहिरीचा तळ दिसू लागला. ऋचाने तळाला भेगासुद्धा दाखवल्या होत्या.

ओट्यावरच्या बायका टॅबलेटवर वाकल्या. मग बायकांची बोटं टॅबलेटवर भराभर फिरू लागली. सगळ्यांत आधी यमुनाची बाहुली निघाली, कारण भिवंडीला रेंज चांगली. ती विहीर ओलांडून, निळा झेंडा ओलांडून, पाड्यामागच्या उतारावर गेली आणि मॉडेल जिथे संपतं तिथे थांबली. तिच्यामागे सोनीबाई. सोनीबाईच्या मागे काशी. मग बाकीच्या.

आणि ओट्यावर भांडण सुरू झालं.

"काशे, मागं हो. मी आदी आलेय."

"तुमी कवा आल्या? तुमची बाई त्या झाडाला अडकलेली, मी बघितली ना!"

"अडकली पन नंबर लागलेला!"

मी निळ्या झेंड्याजवळ पाहिलं. दोन बाहुल्या. दोघेही पुरुष, दोघांनीही जन्मात हंडा उचललेला नाही. लाल झेंड्याजवळ एक, म्हणजे मी. छपरावर चंदर. आणि रांगेत सतरा. बेरीज एकवीस. सगळ्या बायकांचं मतदान झालेलं होतं, फक्त आम्ही झेंडा तिथे लावला नव्हता.

"रांग पुढे का सरकत नाहीये?" मेहता मॅडमनी विचारलं.

यमुनाच्या फोनची बॅटरी संपली होती. तिची बाहुली रांगेच्या तोंडाशी दगडासारखी उभी होती. मागच्या सोळा जणी तिच्यामागे थांबल्या होत्या.

"बाजूने जा ना पुढे!" कर्णिक सर ओट्यावर ओरडले. "ती बाई ऑफलाइन आहे!"

सोनीबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते अर्धं पाऊल मागे सरकले. सोनीबाईचं आणि यमुनाचं वर्षभर बोलणं बंद होतं, त्याच शेळीवरून. पण सोनीबाई म्हणाली, "नंबर तिचा हाय. फोन गेला म्हनून नंबर जातो काय?"

"अहो, पण तिथे पाणीच नाही!"

"एप्रिलात पन लगेच नसतं, सायेब. वाट बगावी लागते."

तेव्हा मी लॅपटॉप खाली ठेवला आणि सोनीबाईजवळ जाऊन बसलो. "मावशी, तिथे पुढे काय आहे?"

"डवरा."

डवरा म्हणजे पाझराच्या जागी हाताने उकरलेला खड्डा. त्यात पाणी हळूहळू जमतं. वाटीने हंड्यात भरायचं. विहीर आटली की हा पाडा त्या एका खड्ड्यावर जगतो, हे मला पुढच्या पाच मिनिटांत समजलं.

"मी डिसेंबरमध्ये विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं, पानी कुठून आनता. तवा इहिरीवरून आनत होतो. खोटं कशाला सांगू?"

"आणि झेंडे लावले तेव्हा?"

"दोनच झेंडे लावलेत. तिसरा लावायचा ना."

मी पुण्याहून जोडलेल्या ऋचाला विचारलं, मॉडेल तिथेच का संपतं? ती म्हणाली, "काका, तुमच्या नोंदीत त्या उताराबद्दल एकच ओळ होती." तिने ती वाचून दाखवली: 'पूर्वेचा उतार. पाण्याची जागा नाही.'

माझा सर्व्हे जिथे संपला तिथेच जग संपलं होतं.

कर्णिक सरांनी मला बाजूला घेतलं. "आता काही बोलू नका. निळ्या झेंड्याला दोन मतं आहेत, लालला एक. बहुमत निळ्याला. मंजुरी घेऊ, डवऱ्याचं नंतर बघू."

"सर, लालचं मत माझं आहे."

"मग ते वजा करा. बहुमत आणखी वाढलं."

सरांचा हिशोब चुकीचा नव्हता. पण विहीर मार्चअखेर आटते हे आता मला माहीत होतं, आणि आटलेल्या विहिरीवर पंप बसवला तर सोनीबाई पुढच्या मेमध्येही त्याच उतारावर वाटी घेऊन बसणार होती. फरक इतकाच की तिच्यामागे नवीकोरी टाकी दिसली असती, माझ्या सहीची.

मी माइक सुरू केला. "मॅडम, नेटवर्क ठीक आहे. सर्व्हे चुकला आहे. उद्भव विहीर नाही."

"कोणी केला सर्व्हे?"

"मी."

मुंबईकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "पण तुमच्या अहवालात तर एकेका हंड्याची नोंद आहे."

"हंडे बरोबर आहेत, मॅडम. महिना चुकला."

"मग आता काय म्हणणं आहे?"

"आज मंजुरी देऊ नका. मे महिन्यात मी तो पाझर मोजतो. मग ठरवा."

कर्णिक सरांनी डोळे मिटून घेतले. मंजुरी नको म्हणणारा माणूस संस्थेने पगार देऊन ठेवला आहे, हे त्यांना बहुधा त्याच दिवशी कळलं. मेहता मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "मेपर्यंत थांबते. त्यापुढे नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोनीबाईबरोबर उतारावर गेलो. मॉडेल संपतं त्या जागेपासून दोनशे बारा पावलं खाली. जागा पाचोळ्याने भरली होती. सोनीबाईने हाताने पाचोळा बाजूला केला, ओली माती उकरली आणि म्हणाली, "बसा आता." आम्ही बसलो. काही वेळाने खड्ड्याच्या तळाशी चमक दिसली.

डवऱ्यापासून वर उतारावर दगडांची एक ओळ होती. सरळ, एकामागे एक. मी मोजले, एकोणतीस.

"हे काय?"

"नंबर. उन्हात हंडा घेऊन किती उबं राहनार? दगड ठेवायचा आनि घरला जायचं. आपला दगड आपन वळकतो." तिने चौथ्या दगडाकडे बोट केलं. सपाट, बसायला चांगला. "हा माजा."

तो दगड मी आधी पाहिला होता. खिशातली डायरी काढून डिसेंबरची पानं उलटली. पहिला दिवस, दुपारी एक वाजता: 'जेवण, पूर्वेच्या उतारावर, सपाट दगडावर बसून.' त्याखालची ओळ होती: 'पाण्याची जागा नाही.'

सोनीबाईला वाचता येत नाही, पण माझा चेहरा तिला वाचता आला. "तुमी बसलेलात ना? मी वरून बघितलं. म्हटलं, सर्वेवाले भाऊ माज्या नंबरवर बसून भाकर खातात."

"मग हाक का नाही मारली?"

"डिसेंबरात नंबर कोनाला पायजे?" आणि ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

घरी येऊन मी हे सौ.ना सांगितलं. त्यांनी विचारलं, "भाकरी कोणी दिली होती?" मी म्हटलं, "तुम्हीच." "मग चुकीत माझा वाटा नाही. मी फक्त डबा दिला," असं म्हणून त्या वह्या तपासायला बसल्या.

मे महिन्यात मी घड्याळ घेऊन डवऱ्यावर चार दिवस बसलो, बाजूला बसलो, दगडावर नाही. पंधरा लिटरचा हंडा भरायला अकरा मिनिटं लागत होती. म्हणजे चोवीस तासांत साधारण एकोणीसशे साठ लिटर. चौतीस घरांत वाटले तर घरटी चार हंड्यांपेक्षा थोडं कमी. फार नाही. पण बायकांच्या हातून यातलं निम्मंही वर जात नव्हतं. कोणी नसताना डवरा भरून वाहायचा आणि पाणी खालच्या दगडांत जिरायचं. ते अडवून साठवलं तर सगळं पाड्याचं होतं. पाझराच्या तोंडची माती काढून दगड लावल्यावर हंडा सात मिनिटांत भरू लागला. घरटी सहा हंडे. हे आकडे मी महिन्याच्या नावासकट मेहता मॅडमना पाठवले.

मंजुरी आली. पावसाळ्यानंतर काम झालं. डवऱ्याच्या जागी बंद साठवण टाकी, सौर पंप, वर पाड्यात टाकी आणि चार नळ. टाकी शाळेजवळ की विहिरीजवळ, हा प्रश्न पुन्हा व्हर्च्युअल पाड्यात ठेवला. या वेळी ऋचाने डवरा दाखवला, तिसरा झेंडा लावला, आणि न मागता प्रत्येक बाहुलीच्या डोक्यावर हंडा दिला. चंदर अजून छपरावर होता. त्याचं मत शाळेच्या बाजूला धरलं. टाकी शाळेजवळ झाली.

पुढच्या एप्रिलमध्ये विहीर आटल्यानंतर मेहता मॅडम स्वतः आल्या. नळ सोडायचा होता. चार नळ होते, घाई नव्हती, तरी बायकांनी बाकीचे तीन नळ सोडून एकाच नळापुढे ओळ लावली होती. हंडे, कळश्या, आणि सगळ्यांच्या पुढे एक दगड.

मॅडम पहिला हंडा भरायला वाकल्या. सोनीबाईने हात आडवा घातला. "थांबा, बाय. पयला नंबर यमुनाचा."

"यमुना कुठे आहे?"

"भट्टीवर."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून नंबर तिचाच होता, याची नोंद माझ्याकडे आहे. सोनीबाईने यमुनाच्या घरून तिचा हंडा आणवला, मॅडमनी तो भरला, आणि सोनीबाईने तो स्वतः उचलून यमुनाच्या कुलूप लावलेल्या दारात नेऊन ठेवला. कोपऱ्यात शेळी बांधलेली होती. शेळीने त्यात लगेच तोंड घातलं. शेळी सोनीबाईचीच होती.

आमच्या सर्व्हेच्या फॉर्ममध्ये तेव्हापासून एक रकाना वाढला आहे: 'कोणत्या महिन्यात?' तो भरल्याशिवाय मी फॉर्म घेत नाही. आणि फिल्डवर जेवायला बसण्याआधी कोणालातरी विचारून घेतो, हा दगड कोणाचा आहे.